‘चेल्यांची आरती’ म्हणणाऱ्या वाचकांस : बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या चरित्राबद्दल

नमस्कार.

खुलताबादचे चिश्ती सूफी संत, निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मल्फुजातींबद्दल, म्हणजे शिष्यांनी टिपून ठेवलेल्या सूफी गुरूंच्या बोलण्यांबद्दल, लिहिलंत : “मल्फुजात म्हणजे चेल्यांनी गुरूची ओवाळलेली आरती. तिच्यावर चरित्र उभं करणारा लेखक एकतर भाबडा किंवा लबाड.” मतभेद असू देत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘लबाड’? बावीस वर्षं फारसी हस्तलिखितांत डोळे घालवलेल्या माणसाला हा शब्द लावण्याआधी त्यातलं एक पान तरी उघडायचं होतंत. तुमच्या प्रतिक्रियेत एकाही मल्फुजातीचं नाव नाही, एकाही मजलिसीची, म्हणजे गुरूच्या बैठकीची, तारीख नाही. जे वाचलंच नाही त्याला आरती म्हणून मोकळं होण्याची ही कोणती रीत?

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. लेखात निधनाचं साल 1338 पडलं होतं, ते 1337 हवं. हिजरी 738 हे वर्ष 1337च्या जुलैअखेर सुरू होतं आणि 1338च्या जुलैपर्यंत चालतं. नुसतं हिजरी साल धरून इसवी सन लावला की असा घोळ होतो, महिना पाहावाच लागतो. सफर हा दुसरा महिना, म्हणून 11 सफर 738 म्हणजे 1337चा सप्टेंबर. दुरुस्ती केली आहे, आभार. पण एका सालावरून “बाकीचा लेखही असाच असणार” हे कसं ठरवलंत?

आता आरतीबद्दल. पीर म्हणजे गुरू मजलिसीत बोलतो, समोर बसलेला मुरीद म्हणजे शिष्य ते ऐकून टिपून ठेवतो, ती मल्फुजात. हजरत निजामुद्दीन औलियांची ‘फवायदुल फुआद’ हा तिचा नमुना. हसन सिज्झींनी हिजरी 707 ते 722, म्हणजे पंधरा वर्षं, तारखा घालून मजलिसी टिपल्या. पुढे हे कागद त्यांनी निजामुद्दीनांनाच दाखवले. जिथे नीट ऐकू आलं नव्हतं किंवा आठवलं नव्हतं तिथे हसननी जागा कोरी सोडली होती, ती निजामुद्दीनांनी भरून दिली. आरतीत कोणी जागा कोरी सोडतं का? हे हसन नंतर दख्खनेत आले आणि त्यांची कबर खुलताबादलाच आहे.

बनावट मल्फुजाती आहेत, हे मला तुमच्याकडून शिकायला नको. मोइनुद्दीन चिश्ती, कुतबुद्दीन बख्तियार काकी, बाबा फरीद यांच्या नावावर अशी पुस्तकं आजही विकली जातात. “मी एकही पुस्तक लिहिलं नाही, कारण माझ्या पीरांनीही लिहिलं नव्हतं,” असं निजामुद्दीन म्हणाल्याचं त्यांचेच खलिफा (नेमलेले उत्तराधिकारी) नसीरुद्दीन चिराग यांनी सांगितलं आहे आणि ते ‘खैरुल मजालिस’मध्ये नोंदलेलं आहे. बनावट पुस्तक ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत. तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, आधीच वारलेली माणसं मजलिसीत येऊन बसतात, आणि अमुक नमाज इतक्यांदा पढलात तर तमुक पुण्य असे हिशेब पानोपानी येतात. माझ्या लेखात यातल्या एकाही पुस्तकाचा आधार नाही. लेख पुन्हा वाचा.

बुऱ्हानुद्दीनांच्या बाबतीत आपलं नशीब थोर, कारण लिहिणारे एकापेक्षा जास्त होते. काशानी घराण्यातले तीन भाऊ त्यांचे मुरीद. दौलताबादच्या सरकारी दफ्तरात काम करणाऱ्या रुकनुद्दीन यांनी ‘नफायसुल अन्फास’मध्ये तारीखवार मजलिसी टिपल्या. हम्माद यांनी ‘अहसनुल अकवाल’ विषयवार लावलं. मज्दुद्दीन यांनी करामतींचं वेगळं पुस्तक केलं. चरित्र लिहिताना मी आधी तारीखवार पुस्तक धरतो, तिथलं विधान विषयवार पुस्तकाशी ताडून बघतो आणि करामतींचं पुस्तक फक्त मुरिदांची श्रद्धा समजून घ्यायला वापरतो. हा क्रम उलटला की चरित्राची पोथी होते. उरुसात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुस्तिकांचं नेमकं हेच झालं आहे. तुमचा राग त्या पुस्तिकांवर असेल तर तो माझ्यावर काढू नका.

आणि या तिघांपलीकडे चौथा साक्षीदार आहे, तो त्यांचा मुरीद नाही. ‘सियरुल औलिया’ लिहिणारा अमीर खुर्द दिल्लीच्या वर्तुळातला. त्याने दिलेला प्रसंग पाहा. सत्तरी गाठलेले बुऱ्हानुद्दीन जमिनीवर बसवेना म्हणून घोंगडी दुहेरी घडी करून तिच्यावर बसत. कोणीतरी निजामुद्दीनांच्या कानावर घातलं की हे आता गादी घालून पीर होऊन बसले. पुढच्या भेटीत निजामुद्दीन त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बुऱ्हानुद्दीन खाली जमातखान्यात, म्हणजे शिष्यांच्या सामायिक दालनात, आले तर सेवक इकबाल निरोप घेऊन मागोमाग आला : इथून उठा, घरी जा. ते घरी जाऊन सुतक असल्यासारखे बसले. शेवटी अमीर खुसरोंनी स्वतःचा फेटा गळ्यात घालून निजामुद्दीनांपुढे उभं राहून रदबदली केली, तेव्हा कुठे माफी मिळाली. मग बुऱ्हानुद्दीनांनी नव्याने बैअत, म्हणजे शिष्यत्वाची शपथ, घेतली. एका घोंगडीच्या घडीपायी म्हाताऱ्या शिष्याला दाराबाहेर काढलेलं या माणसाने लिहून ठेवलं. ही कोणती आरती?

खिलाफतीचं, म्हणजे बुऱ्हानुद्दीनांना खलिफा नेमण्याचंही तसंच. दख्खनेतल्या पुस्तकांप्रमाणे निजामुद्दीनांनी त्यांना स्वतः खलिफा नेमलं. अमीर खुर्द सांगतो की इतरांनी शिफारस केली, वस्त्र आणि टोपी आणून दिली, निजामुद्दीन गप्प राहिले आणि ते गप्प राहणं होकार मानलं गेलं. दोन्ही बाजू मी लेखात दिल्या होत्या. माझा कल अमीर खुर्दकडे आहे, कारण गप्प बसण्याचा असा अडचणीचा तपशील रचून कोणाच्या हाती काय लागणार? पण दिल्लीकरांना दख्खनेतल्या शाखेला थोडं खाली दाखवायचं असेल, ही शंकाही मनात ठेवावी लागते. इतकं तोलून लिहिलेलं तुम्हाला भाबडं वाटलं.

शिष्यांनी लिहिलेलं म्हणून टाकायचं असेल, तर ‘लीळाचरित्रा’चं काय करणार आहात? म्हाइंभटांनी माणसं गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. पुढे पोथी धाडीत गेली, आठवणीतून पुन्हा पाठ तयार झाले. त्या पाठांची छाननी करायला आपण मराठी माणसं शिकलो. फारसी पानांची छाननी करणाराच तेवढा लबाड?

सुलतानाबद्दल तुम्ही चार ओळी खर्ची घातल्यात. 1327ला तुघलकाने दौलताबादला राजधानी नेली आणि त्या लोंढ्यात बुऱ्हानुद्दीन आले, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. समा म्हणजे सूफींच्या गायन-मैफलीतल्या नाचाबद्दलच्या तुमच्या शेऱ्याला उत्तर देत नाही. बुऱ्हानुद्दीनांच्या मुरिदांची नाचायची तऱ्हा इतकी वेगळी होती की त्यांना ‘बुऱ्हानी’च म्हणत. यात लपवण्यासारखं काही नाही, मी लपवलेलंही नाही.

पुन्हा लिहाल तर जरूर लिहा. फक्त कोणतं पुस्तक, कोणत्या तारखेची मजलिस आणि त्यात तुम्हाला काय खोटं वाटलं, एवढं सांगा. त्या पानापासून बोलू.