चारदाती की-बोर्ड

त्या बुढ्याचं नाव मला परवापर्यंत माहीत नव्हतं, आता त्याच्या आधार कार्डावरून माहीत झालंय, पण इथं लिहिणार नाही, कारण कोणी वाचून दाखवलं तर त्याला आणखीच चढेल.

झालं काय, तर माझ्या की-बोर्डची डी की मेली. गावात माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि बॅनरचं दुकान आहे, मी मराठी टाइप करतो इन्स्क्रिप्टवर, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या अक्षरांच्या मांडणीवर, आणि इन्स्क्रिप्टमध्ये डी वर असतो हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची की. सगळ्यांचे पाय मोडता मोडता तिचाच पाय मोडला. उपसून पाहिलं तर खाली शेव, जिऱ्याचा दाणा आणि एक जुनाट मुंगी निघाली, पण की काही जिवंत झाली नाही. आता हलन्त नाही म्हणजे जोडाक्षर नाही. शिफ्ट दाबून तीनवर ‘क्र’मधला र मिळतो, चारवर रफार, सातवर आयता क्ष, म्हणून साक्षगंध आणि कार्यक्रम निघत होते, लग्नाचं लगन झालं तर तेही आपल्याकडे चालून जाते, पण जिल्ह्याचा जिलहा झाला आणि महाराष्ट्राचा महाराषट्र. आठ दिवस मी जुन्या फाइलीतून एक हलन्त कॉपी करून जिथं तिथं पेस्ट करत होतो. मोबाइलमध्ये बोलून लिहायचंही करून पाहिलं, तर ‘रानडुक्कर’ म्हटलं की तो ‘राणी डुक्कर’ लिहायचा. शेवटी एका पुण्यस्मरणाच्या बॅनरवर ‘स्व.’चं ‘सव.’ राहून गेलं, त्या घरच्या पुतण्याने तो नमुना फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि कोणीतरी विचारलं, आबाजी सव कधी झाले?

मग गेलो दारव्ह्याला.

दुकान म्हणजे आपल्याकडे असते तसंच, अर्ध्यात कॉम्प्युटर, अर्ध्यात शेती. इकडे प्रिंटरची शाई, तिकडे रानडुकरं शेतात येऊ नये म्हणून कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी झटका मशीन, सोलरच्या पाट्या, रात्री शेत राखायला जागलीच्या बॅटऱ्या, डोक्याला बांधायचे लाइट. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, गोल पिनचा की-बोर्ड दे, जांभळ्या पिनवाला. कारण माझ्या सीपीयूला यूएसबीची भोकं चार, एकात प्रिंटर, एकात माउस, एकात अंगठ्याचं मशीन आणि चौथ्यात कोणाचातरी पेनड्राइव्ह मोडून अडकलेला. पोरगा कानातलं न काढताच म्हणाला, ‘‘गोल पिन बंद झाली ना काका.’’ हा काका शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

त्याने तीन डबे काढले. एक साधा काळा, साडेतीनशेचा. दुसरा लहानसा, उजवीकडचा आकड्यांचा भागच नसलेला. तिसरा मेकॅनिकल, खालून लाल-हिरवे लाइट लागणारा, दाबला की खट्ट वाजणारा, एकोणीसशे पन्नासचा. मी साधा हातात घेतला. आणि तेवढ्यात बाजूच्या स्टुलावरून आवाज आला.

‘‘दात किती आहे त्याले?’’

डोक्याला पांढरा दुपट्टा, धोतर, खिशात नवी घेतलेली बॅटरी. त्याची झटका मशीन आत दुरुस्तीला गेली होती आणि त्याच्याजवळ वेळच वेळ होता. मी म्हटलं, दात नाही काकाजी, बटनं आहेत, एकशे चार. ‘‘म्हंजे जुळला आहे,’’ म्हणाला आणि माझ्या हातातून की-बोर्ड काढून घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बैलाला समोर वरचे दात नसतातच, खालचे आठ असतात, आणि दुधाचे पडून पक्के दोन-दोन करत येतात, म्हणून दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठ झाले की जुळला. बाजारात जबडा उघडूनच वय सांगतात, मालकाच्या तोंडावर कोणी विसंबत नाही. बुढ्याने तेच केलं. उलटा केला. मागचे दोन पाय उघडून पाहिले, परत मिटले, परत उघडले.

‘‘मागचे पाय आहे, पुढचे नाही?’’

‘‘ते उतार द्यायला असतात जी.’’

‘‘मंग चढावर कसा करन?’’

दुकानात आम्ही दोघंच नव्हतो, हे सांगायचं राहिलं. मोबाइलला काच लावायला आलेल्या दोन पोरी होत्या, एक मास्तर होते, सोलर पाहणारे तिघं होते. सगळ्यांचं काम थांबलं.

मग त्याने बोटं फिरवली आणि एफ आणि जे वर येऊन थांबला. या दोन कींवर बारीक उंचवटा असतो, न बघता बोटं ठेवता यावी म्हणून, माझ्या इन्स्क्रिप्टमध्ये तिथं पहिली वेलांटी आणि र येतात. बुढ्याने दोन्ही गाठी चाचपल्या आणि पोराकडे रागाने पाहिलं.

‘‘याले लम्पी झाला होता का रे?’’

पोरी फिसकन हसल्या. मास्तरही हसले, त्यांचा मला जास्त राग आला. मी समजावायला लागलो की या गुरांच्या रोगाच्या गाठी नाहीत, हे मुद्दाम असतं, तर तो म्हणे, ‘‘इकणारा असंच म्हंते.’’ अहो मी विकणारा नाही, मी घेणारा आहे! पण ऐकते कोण. दुसरा, लहान की-बोर्ड त्याने नुसता बघूनच खाली ठेवला, ‘‘याचे तं उजवीकडचे सारे पडले,’’ आणि हे मात्र खरं होतं. ज्याला दिवसभर बारा आकडी आधार, दहा आकडी मोबाइल, खाते नंबर, गट नंबर मारायचे असतात त्याने उजवीकडच्या आकड्यांशिवाय की-बोर्ड घेणं म्हणजे एका बैलावर वखर धरणं. म्हणजे पहा, मीही त्याच्यासारखाच बोलायला लागलो.

‘‘चालवून दाखव,’’ म्हणाला.

पोराने लाइटवाला जोडला. मी त्यावर ‘कापूस’ लिहिलं, के, ई, एच, टी, एम, पाच खटके. आणि मला काय झालं सांगू, तो आवाज ऐकून मी एकदम टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसलो. पत्र्याची खोली, गोदरेजची मशीनं, घामाने चिकटलेली बोटं आणि मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा. तिथं शिकवली होती रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरवरची जुनी मांडणी, पुढं कॉम्प्युटर आल्यावर सगळं विसरून इन्स्क्रिप्ट शिकलो, अजूनही राग आला की बोटं जुन्या घरी जातात. पण आवाज तोच. मला तो की-बोर्ड पाहिजेच होता, फक्त कोणाला सांगायला कारण नव्हतं.

‘‘काय लिवलं?’’

‘‘कापूस.’’

‘‘भाव काय लिवला?’’

‘‘भाव नाही लिहिला.’’

‘‘मंग कायले लिवला?’’

यावर कोणी हसलं नाही. सोलरवाल्या तिघांपैकी एकाने नुसतं ‘‘हाव ना जी’’ म्हटलं आणि जरा वेळ सगळे गप्प. वेचणीची मजुरी, फवारणी आणि डुकरं काढून हाती काय राहते हे तिथं कोणालाच सांगायची गरज नव्हती.

मग बुढ्याने त्या लाल-हिरव्या लाइटांकडे बोट दाखवलं. ‘‘हे कायले पेटते?’’

मी म्हटलं, अंधारात अक्षरं दिसावी म्हणून.

‘‘लाईन गेल्यावर पेटन का?’’

‘‘नाही, लाईन गेली की कॉम्प्युटरच बंद.’’

‘‘आन् लाईन असल्यावर?’’

‘‘तेव्हा ट्यूबलाइट असते.’’

‘‘मंग?’’

एवढंच. मंग. मी म्हटलं यूपीएस असते काकाजी, आणि म्हणता म्हणता मलाच आठवलं की यूपीएसची बॅटरी मागच्या उन्हाळ्यात फुगली ती मी अजून बदलली नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. मास्तरांनी तर रुमाल काढून तोंड पुसलं.

पोरगा मध्येच म्हणाला, घ्या ना काका कोणताही, सगळे सारखेच असतात. आता इथं माझं डोकं सरकलं. सारखे कसे? १८६८ साली अमेरिकेत शोल्सने टाइपरायटरचं पेटंट घेतलं, १८७४ मध्ये बंदुका आणि शिलाई मशीन बनवणाऱ्या रेमिंग्टनने तो बाजारात आणला, आणि त्यावरची क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ओळ आजपर्यंत आपल्या डोक्यावर बसली आहे. ड्व्होराकने १९३६ मध्ये दुसरी मांडणी काढली, तिला फारसं कोणी विचारलं नाही. आणि आपली इन्स्क्रिप्ट १९८६ ची, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच जागा, म्हणजे मी पांढरकवड्याच्या पुढं आदिलाबादेत जाऊन बसलो तर एक अक्षर वाचता न येता तेलुगूत ‘क’ मारू शकतो. एवढं चांगलं काम आपल्याच सरकारने करून ठेवलंय आणि अख्ख्या तालुक्यात क लिहिलेला एक की-बोर्ड मिळत नाही! त्या साडेतीनशेवाल्यावर चारच्या बाजूला रुपयाचं चिन्ह होतं, ते २०१० मध्ये जन्मलं. काल जन्मलेल्या रुपयाला जागा आहे, आणि क, ख, ग उभेच.

हे सगळं मी बोललो का? नाही. मी फक्त म्हटलं, ‘‘सारखे नसतात.’’

इकडे बुढ्याने माझ्यासाठी सौदा सुरू केला होता. साध्या की-बोर्डचा. डोक्यावरचा दुपट्टा काढला, पोराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात असंच होते, भाव तोंडाने बोलत नाहीत, दुपट्ट्याखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळू नये. पोराला काय माहीत. तो घाबरून हात ओढायला लागला, कानातलं एक निघून पडलं. ‘‘तीन बोटं धरली ना बे, तीनशे! समजत नाही का?’’ बुढा ओरडला, म्हणजे सगळ्यांना कळलंच. आतून मालक आला, त्याने हसून तीनशेला देऊन टाकला.

‘‘घे बाबू,’’ बुढा मला म्हणाला, ‘‘गरीब जनावर आहे, लाथ नाही मारणार. त्या पेटत्याच्या नादी लागू नको, तुले नाही झेपणार तो.’’

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. आज शांत डोक्याने विचार केला तर माणसाने माझे पन्नास रुपये वाचवले होते आणि निवडही बरोबर होती. पण ‘तुले नाही झेपणार’, आणि तेही त्या पोरींसमोर, त्या मास्तरांसमोर. मी म्हटलं, मला पेटताच पाहिजे. मालक अठराशेवर आला, त्यात दीडशेचा यूएसबी हब वेगळा, कारण भोकं चारच. मराठी अक्षरांचे स्टिकर मागितले तर हिंदीचं एक पान मिळालं, चाळीस रुपये. जाताना मी बुढ्याकडे पाहिलं नाही. त्याने मात्र मागून, ‘‘पोळ्याले सजवजो,’’ म्हटलं.

घरी आलो. स्टिकर लावले तर लाइट झाकले, म्हणजे आता तो पेटतो पण कडेने, पाणंदीने कोणी बॅटरी घेऊन चाललं तसा. पानात ळ नव्हता. ‘पोळा’ कशाने लिहू? शेवटी एन वर पेनाने ळ काढला, तो दोन दिवसांत बोटाला लागून आला, तेव्हापासून अंदाजाने मारतो. आवाजाचं विचारू नका. टायपिंग इन्स्टिट्यूट आठवते म्हणून मी खूश, बायको म्हणते, घरात कोणी सुपारी फोडत बसल्यासारखं वाटते. शेजारचे विचारतात, आज फार काम होतं का, म्हणजे आता माझा धंदा किती होतो ते आवाजावरून गल्लीला कळते. आणि उन्हाळ्यात स्टिकरचा गोंद पाझरला की काय होईल त्याचा विचार मी अजून केलेला नाही.

परवा दुपारी उंबऱ्यात चपला वाजल्या आणि तोच पांढरा दुपट्टा. डुकरांनी हरभरा लोळवला होता, वनविभागाकडे नुकसानीचा अर्ज करायचा होता, कोणीतरी माझ्याकडे पाठवलं. मला पाहून तो क्षणभर थांबला, मग की-बोर्डकडे पाहिलं, लाल-हिरवा. काही बोलला नाही. मला वाटलं, सुटलो. आधार घेतलं, नाव टाकलं, गाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, खटखटखटखट, अर्धं पान भरलं होतं. बुढा आवाज ऐकत मान हलवत होता, मला तर वाटलं त्याला आवडला.

लाईन गेली.

पंखा फिरत फिरत थांबला, स्क्रीन काळी, की-बोर्ड काळा, अर्ज गेला. शटर अर्धं ओढलेलं होतं, ऊन आत येऊ नये म्हणून, त्यामुळं अंधारच. बुढ्याने सावकाश खिशात हात घातला, बॅटरी काढली आणि नेम धरून माझ्या की-बोर्डवर मारली.

‘‘आता दिसते का, बाबू?’’