‘ऑडिट म्हणजे कागदं काळी करणं’ : त्या मेसेजला एका पॅकहाऊसवाल्याचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज डाळिंबवाल्यांच्या चार ग्रुपवरून माझ्याकडे आला. एक सांगोल्याचा, एक पंढरपूरचा, आणि दोन तर आमच्याच पॅकहाऊसला, म्हणजे निर्यातीची फळं निवडून पेटीत भरतात तिथं, माल देणाऱ्यांचे. विषय, बागेतली आणि पॅकहाऊसमधली स्वच्छता अन् नोंदी तपासणारं ऑडिट. मजकूर थोडक्यात असा : ‘ऑडिट ही पैसे उकळायची टूम आहे. आजोबांनी कुठं रजिस्टर भरलं होतं? डाळिंबाची साल जाड, आत काही शिरत नाही. फवारलेलं औषध राहिलंच तर धुतलं की जातं. लॅबचा रिपोर्ट असतोच, मग कागदांचं काय काम? आणि ऑडिटर येतो त्या दिवशी सगळं चकाचक, दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.’ खाली हात जोडलेले, ‘शेतकरी असाल तर पुढे पाठवा.’

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघतो. ऑडिटच्या आदल्या रात्री झोप उडते ती माझी. म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण ते बऱ्यापैकी खरं आहे.

हात धुवायच्या जागी वेष्टनासकट ठेवलेला नवा कोरा साबण मी पाहिलाय. ऑडिटरनंही पाहिला, आणि तो हसला. याहून वाईट उदाहरण अमेरिकेतलं. २०११ साली कोलोरॅडोतल्या जेन्सन फार्म्सच्या खरबुजांतून लिस्टेरिया नावाचा जीवाणू पसरला, ३३ माणसं दगावली. त्याच पॅकहाऊसला त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी बाहेरच्या ऑडिटमध्ये १०० पैकी ९६ गुण पडले होते! नंतर सरकारी तपासात काय निघालं? फरशीवर साचणारं पाणी, आणि नीट साफ होणार नाहीत अशी यंत्रं. मेसेजवाला म्हणेल, बघा, ऑडिट फुकट गेलं. एका दिवसाचं ऑडिट फुकट जातं, हे कबूल. पण फरशीवर पाणी साचतंय का, हे बघायला ऑडिटर लागतच नाही. रोज सकाळी तिथं उभा राहणारा माणूस लागतो, आणि त्यानं खरा भरलेला तक्ता. मेसेजवाल्याला नेमका तोच तक्ता नकोय.

आता जाड साल. २०१३ साली अमेरिकेतच दीडशेहून जास्त लोकांना हिपॅटायटिस ए झाला. माग काढत गेले तर गोठवलेल्या बेरींच्या पाकिटात मिसळलेले डाळिंबाचे दाणे निघाले, तुर्कस्तानातून आलेले. हा विषाणू माणसाच्या विष्ठेतून येतो, म्हणजे न धुतलेल्या हातातून नाहीतर घाण पाण्यातून. साल जाड असली म्हणून फळ न कापता खाता येत नाही. सालीवरचं सुरीला लागतं आणि सुरीबरोबर आत जातं. संडास आणि साबण हा ऑडिटरचा चोचला नाही तो यासाठी.

‘धुतलं की जातं’ हे तर औषधाच्या दुकानातही ऐकायला मिळतं. वरवरची धूळ जाते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फिरतं, ते नळाखाली कसं निघेल? शिवाय सकाळी भरलेल्या हौदात संध्याकाळपर्यंत क्रेटवर क्रेट बुडवले, तर एका बागेची घाण आपण हातानं दुसऱ्या बागेच्या मालाला लावतो. न धुतलेला माल त्यापेक्षा बरा. युरोपात ज्या औषधाची फळात उरण्याची वेगळी मर्यादा ठरलेली नसते, त्याला किलोमागं ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. दहा टनांच्या गाडीत मिळून एक दशांश ग्रॅम. चिमूटभर मिठाचं वजन याहून जास्त भरतं.

लॅबच्या रिपोर्टवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथं चांगले शिकलेले बागायतदारही फसतात. लॅब तेच शोधते जे शोधायला सांगितलंय. २०१० चा द्राक्ष हंगाम आठवा. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीची वाढ रोखायचं औषध) नव्हतं, म्हणून रिपोर्ट स्वच्छ आले. युरोपातल्या लॅबनं ते शोधलं आणि सापडलं. कंटेनर तिकडं अडकले आणि इकडं बागायतदारांचे पैसे. कोणत्या बागेत काय मारलं हे रजिस्टरमध्ये असेल, तरच लॅबला काय शोधायचं ते सांगता येतं.

पण रजिस्टर खरं हवं. मागच्या हंगामात एक वही माझ्यापुढं आली. अक्षर मोत्यासारखं, सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनाच्या, पानाला एकही डाग नाही. बागेतली वही अशी नसते हो, तिला बोटांचे ठसे असतात. मी बिलांची फाइल मागितली. फवारणी चार तारखेची, त्याच औषधाचं बिल अकरा तारखेचं! मालक आधी चिडले, मग म्हणाले, “पोरानं एका बैठकीत लिहिलंय ओ.” खरी फवारणी कधीची, हे त्यांनाही आठवेना. मग शेवटच्या फवारणीनंतर काढणीआधी सोडायचे दिवस मोजायचे कुठून? माल सुंदर होता, तरी निर्यातीतून बाजूला काढावा लागला.

आजोबांचं म्हणाल, तर त्यांचा माल यार्डातल्या ओळखीच्या आडत्याकडं जायचा आणि तेल्याच्या, म्हणजे डाळिंबावरच्या जीवाणूजन्य रोगाच्या, धाकानं आपण मारतो तितकं औषध ते मारतही नव्हते. विषय संपला.

पैशाचा मुद्दा खरा आहे, एकट्या लहान बागायतदाराला प्रमाणपत्राचा खर्च जड जातो. त्यासाठीच ग्लोबलगॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्रात गटाची सोय आहे. गट आपल्या प्रत्येक सभासदाची तपासणी स्वतः करतो, बाहेरचा माणूस त्यातल्या काहींचीच करतो. पंचवीस जणांत किमान पाच. खर्च वाटला जातो. मात्र त्या पाचांत एकाची वही वरच्यासारखी निघाली, तर पंचवीसही जण अडकतात.

या कागदांचा खरा उपयोग मला ऑडिटरपेक्षा आमच्या एका सरावात कळला. एक पेटी उचलायची आणि ती कुठल्या बागेतली ते शोधायचं. ऑडिटरही हे करायला लावतो. पहिल्या वेळी आम्ही सकाळी दहाला सुरुवात केली. तीन वाजता माग सांगोल्याच्या दोन बागांपाशी येऊन फुटला. क्रेटवरचा कागदी टॅग भिजून त्याचा लगदा झाला होता. तक्रार खरी असती तर दोन्ही बागांचा माल धरावा लागला असता, दोष एकाचाच असला तरी. आता टॅग प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतो. गेल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली.