भांडण वयाचं नाहीये
पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचं ओझं तरुणांवर पडतंय असं लेखात म्हटलंय, ते अर्धंच पटलं. आमच्याच घरात बघा, बाबा झेडपीचे शिक्षक, त्यांना शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता, मी पण झेडपीतच पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो म्हणून माझ्या पगारातले दरमहा १० टक्के कापून बाजारात गुंतवतात, पुढे किती हातात येणार ते देव जाणे. (बाबा म्हणतात तुला पगार जास्त आहे ना, मग जेवण बाजूलाच राहतं.)

पण खरी दरी सरकारी नोकरी होती की नव्हती याची आहे हो. शेजारची आजी, हर्णै बंदरावर कोळंबी सोलण्यात जन्म गेला, तिला श्रावणबाळ या राज्याच्या गरीब म्हाताऱ्यांसाठीच्या योजनेचे महिन्याला १५०० रुपये. अंगठ्याच्या रेषाच झिजल्यात, पैसे काढायला गेली की मशीनवर ठसा उमटत नाही, मग रिक्षाचे पैसे घालून हात हलवत परत. ती कुणावर ओझं?? आणि वृद्धापकाळ पेन्शनीत केंद्राचा वाटा ८० वर्षांच्या आत महिन्याला २०० रुपये!! आमच्याकडे तेवढ्यात बांगड्याचा धड वाटा पण येत नाही.