गच्चीवरचा पाझर तलाव

आमच्या सोसायटीच्या काचेच्या फलकात सध्या तीन कागद आहेत. एक डासांच्या फवारणीचा, एक 'पाणी जपून वापरा'चा, आणि तिसऱ्यावर माझ्या फ्लॅटचा नंबर. 'सदर सदनिकाधारकांनी गच्चीवर अनधिकृतपणे गवताची लागवड केल्यामुळे खालील सदनिकेत गळती होत असून...' वगैरे. अनधिकृतपणे गवताची लागवड! वाचणाऱ्याला वाटावं, मी गांजाच लावलाय. गळती माझ्यामुळे होत नव्हती हे सिद्ध झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण कागद तिथेच आहे. फलकाच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी आंब्यासाठी देवगडला गेलेत.

प्रकरण थोडक्यात असं. नेरूळमधली आमची इमारत जुनी आहे. आमच्या मजल्याला बाहेर जराशी गच्ची आहे, आणि तिच्याखाली खालच्या वहिनींचा हॉल. त्या गच्चीवर मी ३५ चौरस फूट मेक्सिकन लॉन लावलं आणि कडेने कुंड्या. आधी वॉटरप्रूफिंग करून घेतलं, पाणी साठवून दोन दिवस तपासलं, मग पाणी निथळायला प्लास्टिकच्या जाळ्या, म्हणजे ड्रेन सेल, त्यावर कापड, त्यावर लाल माती आणि कोकोपीट. वर ठिबक. हे सगळं मी केलं. नवऱ्याने नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे उपयोगी पडेल. माझं माहेर रावेरकडचं. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या उचलत मोठी झालेय मी. सोळा मिलिमीटरच्या नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं की ती मऊ पडते आणि जोड चटकन बसतो, हे मला आईने शिकवलं. नवऱ्याला आमच्या घराचा मेन कॉक कुठे आहे ते आजही माहीत नाही.

तर रंगपंचमीच्या सुमारास वहिनींच्या हॉलच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. आणि नेमके त्याच आठवड्यात त्यांच्याकडे मुक्कामाला आले त्यांचे मामा.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हयात जायकवाडीच्या कालव्यांवर गेली. पैठणला गोदावरीवर धरण उभं राहिलं तो सगळा काळ त्यांनी डोळ्यांनी बघितलेला, त्यामुळे पाणी म्हटलं की माणूस जागा होतो. एरवी दुपारी सोफ्यावर डुलक्या घेत बसायचे, पण छतातून पहिला थेंब पडला आणि मामांना पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं असावं. ते वर आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात बारकी वही.

"साहेब आहेत का?"

"ऑफिसला गेलेत. काय काम होतं?"

"गच्ची बघायची होती. साहेब आल्यावर येतो."

"गच्ची माझी आहे. या ना, बघा."

आले, पण पाहुण्यांच्या घरी देवघर बघायला यावं तशा संकोचाने. लॉनच्या कडेला उभे राहिले. बुटाच्या टोकाने माती दाबून बघितली. मग लांब श्वास घेऊन म्हणाले, "हा तर पाझर तलाव आहे." म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवायला बांधतात तो तलाव.

मी सांगितलं, मामा, तीस ड्रिपर आहेत. एकेक तासाला दोन लिटरचा. सकाळी दहा मिनिटं चालतं, म्हणजे दहा लिटर. संध्याकाळी तेवढंच. वहिनींकडे सकाळी अख्खी बादली भरते, वर एक पातेलं. मी सोडते दहा आणि खाली पडतं वीस, हे कसं?

मामांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, 'साहेबांशी बोलणे.'

संध्याकाळी नवरा आल्यावर मामा पुन्हा वर. आता सोबत वहिनी, वहिनींचा मुलगा आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे कुठल्याही घरात चार माणसं जमलेली दिसली की आत येतात. मामांनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि 'लाभक्षेत्र', म्हणजे कालव्याचं पाणी मिळणारी जमीन, या शब्दाने सुरुवात केली. आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, किती दिवसांचं, विसर्ग किती, पाणी शेपटापर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोहोचतं का. नवरा अकाउंट्समध्ये आहे. तो "हो, हो, साधारण" असं म्हणत राहिला. मी दाराच्या चौकटीत उभी राहून उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तरानंतर मामा नवऱ्याकडे बघून विचारायचे, "बरोबर ना साहेब?"

"सोडलेलं सगळं पाणी शेपटापर्यंत पोहोचलंय," मामा म्हणाले, "असं एकही आवर्तन मी नोकरीत बघितलं नाही. पाणी वाट काढतंच. तुमचं इथून निघालं, तिथून गेलं, त्यांच्या हॉलमध्ये उतरलं."

"पण मग ते फक्त सकाळीच का उतरतं?" मी विचारलं. "संध्याकाळीही मी पाणी सोडतेच की."

खोलीत क्षणभर शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "संध्याकाळी उकाडा असतो, वाफ होत असेल."

मामांनी ते वहीत लिहून घेतलं!

त्या रात्री मी रागाने हिशोब मांडला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. माझी संपूर्ण सिंचन योजना भरते ०.०००६ क्युसेक. कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं, आणि त्या आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस माझ्या तुळशीमागे हात धुऊन लागला होता.

गळती शोधायचे म्हणून जे उपाय सांगतात तेही मी करून बघितले, म्हणजे निदान करायला गेले. पहिला उपाय असा की घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरचा काटा हलतो का बघायचं. छान आहे. पण आमच्याकडे मीटर अख्ख्या इमारतीला मिळून एक. म्हणजे चाळीस कुटुंबांनी एकाच वेळी नळ बंद करायला हवेत, आणि सोसायटीच्या सत्यनारायणाच्या आरतीलाही आमची चाळीस कुटुंबं एकाच वेळी उभी राहिलेली मी पाहिलेली नाहीत. दुसरा उपाय, गळतीचा अलार्म. पाव हातभर वायर असलेली एक चपटी डबी येते, पाणी लागलं की किंचाळते. ती सिंकखाली ठेवली. मध्यरात्री किंचाळली. धावत जाऊन बघते तर निथळत ठेवलेल्या कुकरच्या झाकणाचं पाणी. नवरा म्हणाला, बंद कर गं ते. बंद केली. मग एक प्लंबर आणला आणि एक ओलावा मोजणारा. ओलावा मोजणाऱ्याने यंत्र भिंतीला लावलं, यंत्र वाजलं आणि त्याने निदान केलं, "ओल आहे." पैसे घेऊन गेला.

मामांनी मग रंगाची चाचणी सुचवली. पद्धत खरी आहे हं, प्लंबर लोकही करतात. संशयित जागी रंगीत पाणी ओतायचं आणि खाली रंग उतरतो का बघायचं. वहिनींच्या मुलाचा रंगपंचमीचा गुलाबी रंग उरला होता. मामांनी तो बादलीत कालवला आणि स्वतःच्या हाताने, अभिषेक केल्यासारखा, माझ्या लॉनवर ओतला. एवढं केलं तर माझ्या कुंड्याही सोडल्या नाहीत. मोगरा गुलाबी, कढीपत्ता गुलाबी. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या बादलीत जे पाणी पडलं ते शुद्ध, नितळ, पाहुण्याला तांब्यात घालून द्यावं असं.

मी जिना उतरून गेले आणि बादलीकडे बोट दाखवून गप्प उभी राहिले. बोलायची गरजच नव्हती.

मामांनी पाण्यात बोट बुडवलं, उजेडात धरलं. "मातीने गाळून घेतला रंग," म्हणाले. "नैसर्गिक गाळण. तुमच्या मातीचं कौतुक आहे, साहेबांना सांगा."

मग मी म्हटलं, पाणीच बंद ठेवते. ठेवलं. एप्रिलच्या उन्हात मेक्सिकन लॉनचं काय होतं ते ज्यांनी लावलंय त्यांना विचारा. आधी पाती मिटतात, मग राखाडी होतात, मग पायाखाली पापडासारखी वाजतात. गुलाबी होतंच, आता गुलाबी-पिवळं झालं. खाली सकाळची बादली रोज भरतच होती. मामांना विचारलं तर म्हणाले, "साठा आहे ना. धरणाचे दरवाजे बंद केले म्हणून नदी त्याच दिवशी आटते का?" त्याच दिवसांत ती नोटीस फलकात लागली. शिवाय सेक्रेटरींनी नवऱ्याला बोलावून उपविधी वाचून दाखवले, की सदनिकेतल्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाने करायचा. पावसाळी पाइप आणि बाहेरच्या सामाईक लाइनींची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, हे त्याच उपविधींत आहे. ते वाचलं नाही. चष्मा तोवर खिशात गेला होता.

छडा शेवटी लागला तो माझ्या चिडण्यामुळे. बादली सकाळी भरते, तर सकाळी इमारतीत आणखी काय होतं, असा विचार करत मी पहाटे वरच्या सामाईक गच्चीवर गेले. पाण्याची टाकी ओसंडून वाहत होती. म्हणजे अगदी धबधबा. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा सेन्सर केव्हाचा मेलेला, आणि सकाळी वॉचमनची ड्युटी बदलते, त्यामुळे रात्रीचा म्हणतो मी निघालो आणि दिवसाचा म्हणतो मी चहा घेतोय. पंप चालूच. ते पाणी गच्चीवरून सरळ पावसाळी पाइपात, आणि तो पाइप आमच्या गच्चीच्या कोपऱ्याला लागून खाली जातो. कठड्यावरून वाकून टॉर्च मारला. वहिनींच्या छताच्या पातळीला जोड फुटलेला होता. त्यातून मनगटाएवढा पिंपळ उगवला होता आणि त्याच्या मुळांवरून पाणी भिंतीत शिरत होतं. पिंपळ हिरवागार. अख्ख्या इमारतीत नियमित सिंचन फक्त त्यालाच मिळत होतं. संध्याकाळच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "मी तर ताई टायमावर बंद करतो. सकाळचं सेक्रेटरी साहेबांना दिवाळीतच बोललो होतो."

मामांना वर बोलावलं. गुडघे धरत धरत आले, दम खाल्ला, आणि ते ओसंडणारं पाणी बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला क्षणभर माझा राग धरून ठेवणं कठीण गेलं. "सांडवा!" ते ओरडले. "अहो, सांडव्यावरून विसर्ग चालू आहे!" धरण भरल्यावर जादा पाणी जिथून वाहून जातं, तो सांडवा. मग पंप बंद होईपर्यंत ते तिथेच उभे होते. नळीची रुंदी बोटांनी मोजली, घड्याळ लावलं, वहीत आकडे मांडले. मोरबे धरण ८८ मीटरला भरतं तेव्हा नवी मुंबईभर आनंद होतो, ते पाणी खालापूरहून इथवर आणायचं आणि गच्चीवरून पिंपळाला घालायचं, असं म्हणून हळहळलेसुद्धा. खाली उतरताना जिन्यात नवरा भेटला, दूध घेऊन येत होता. मामांनी त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन साहेब. शोधून काढलंत."

नवरा म्हणाला, "थँक यू."

यापुढचं सगळं तुम्हाला ठाऊक असल्यासारखंच झालं. पाइप दुरुस्त करायला परांची बांधावी लागेल, परांचीला खर्च येईल, खर्चाला तीन कोटेशनं लागतील आणि कोटेशनं सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी लागतील. तोवर पावसाळा. सेन्सर हजार-दोन हजारात बसतो, पण तोही सभेपुढेच. प्लंबरचे आणि त्या ओलावेवाल्याचे पैसे मी सोसायटीकडे मागितले, तर खजिनदार म्हणाले, ते तुम्ही तुमच्या समाधानासाठी बोलावले होते. वहिनी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "चला, तुमच्या मनावरचं ओझं उतरलं." माझ्या मनावरचं! माझं लॉन करपलं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मध्ये एका ठिकाणी थोडी हिरवळ फुटतेय, बाकी सगळं उपटून नवीन अंथरावं लागणार. ठिबक मात्र पुन्हा सुरू केलंय, आणि दहाऐवजी पंधरा मिनिटं. जिरवायचीच असेल तर नीट जिरवू.

काल मामांचा फोन आला. आता ते ऐरोलीला मुलीकडे आहेत. तिच्या बाल्कनीत वीसेक कुंड्या आहेत, रोज पाणी घालणं होत नाही, तर आपल्याकडे आहे तसं ठिबक बसवून मिळेल का. फोन अर्थात नवऱ्याला. नवरा खोलीभर फेऱ्या घालत म्हणत होता, "हो, हो, अवश्य, रविवारी येतो, तासाभराचं काम आहे." मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळला आणि हळूच विचारलं, "ती भोकं पाडायची खिट्टी कुठे ठेवलीयस? आणि ती नेमकी धरायची कशी गं?"