सुंता नाहीतर खोबरेल तेल? मधे बरंच काही आहे

लालबागमध्ये माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर एखादी बाई उभी असली की काही तरुण उगाचच च्यवनप्राशच्या बाटल्या न्याहाळत राहतात, आणि ती गेली की मोबाइल पुढे करतात. हल्ली त्यावर बहुधा एकच फॉरवर्ड असतो. "पुरुषांनो, लाज सोडा" अशी सुरुवात. मग पुढे: शिश्नाची पुढची कातडी मागे जात नसेल तर क्रीमबिम सगळं फुकट, सुंता हाच इलाज. ती नको असेल तर खोबरेल तेल लावून एकदाच जोरात मागे ओढा. दोन्ही केलं नाही तर मूल होत नाही, कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनाही सगळ्या पुरुषांना सुंता करा म्हणते. आणि शेवटी लेझरवाल्या क्लिनिकचा नंबर: दहा मिनिटं, रक्त नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिस.

नंबर पाहिला की मेसेज कुणाच्या फायद्याचा ते कळतंच. त्यातलं "लाज सोडा" एवढं मात्र शंभर टक्के बरोबर. बाकीचं बघू.

"क्रीमने काही होत नाही." होतं, फक्त कुणाला ते बघावं लागतं. बीटामेथॅसोनसारखं 0.05 टक्क्याचं स्टेरॉइड क्रीम कातडीच्या टोकाच्या घट्ट वळ्यावर पातळसं लावायचं, दिवसातून एकदोनदा, साधारण 4 ते 8 आठवडे. सोबत रोज आंघोळीच्या वेळी कातडी दुखणार नाही इतकीच मागे घ्यायची, थोडा वेळ धरायची आणि आठवणीने पुन्हा पुढे आणायची. सूज उतरते, कातडी पातळ आणि लवचिक होते. लहान मुलांना याचा गुण चांगला येतो. मोठ्यांत तितका हमखास नाही, पण कातडी मऊ असेल, व्रण नसतील तर डॉक्टर आधी हेच करून बघतात.

गडबड होते ती दुसरीकडे. लोक चिठ्ठीशिवाय येतात आणि "ती खाजेची ट्यूब द्या" म्हणतात. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतल्या आत राहते, ट्यूब बंद केली की परत येते. मग क्रीमला नावं ठेवायची!

कातडी पांढरट, कडक, कागदासारखी झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचाविकार असू शकतो. त्यात लघवीचं तोंडही आकसत जातं. त्याला क्लोबेटासोलसारखं जास्त जोरदार स्टेरॉइड लागतं, तेही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीत. त्याने भागलं नाही तर सुंता हाच खरा उपाय, आणि काढलेली कातडी तपासणीला पाठवायची. म्हणजे सुंतेला माझा विरोध नाही. आपल्याकडे तो शब्द ऐकला की काहींना आधी धर्म आठवतो, पण इथे ती अपेंडिक्ससारखीच एक शस्त्रक्रिया. माझा विरोध आहे तो "हाच एक" ला.

कारण मधलेही मार्ग आहेत. घट्ट वळ्यावर उभा छेद देऊन तो आडवा शिवला की घेर वाढतो आणि कातडी शाबूत राहते. याला प्रेप्युशिओप्लास्टी म्हणतात. व्रण फार नसतील तर हे जमतं. काहींची तर कातडी घट्ट नसतेच, खालच्या बाजूची दोरीसारखी पट्टी आखूड असते. ताठरता आली की ती ताणते, फाटते, रक्त येतं. तिथे तेवढी पट्टी मोकळी केली की पुष्कळदा काम भागतं.

"तेल लावून जोरात ओढा." सगळ्यात घातक सल्ला हाच. ओढल्याने बारीक चिरा पडतात, भरताना व्रण धरतात, आणि कातडी आधीपेक्षा आवळते. त्याहून वाईट म्हणजे मागे गेलेली कातडी तिथेच अडकते. पुढचा गोल भाग सुजतो, सुजल्यामुळे ती आणखी आवळते. पुढे आणता येत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठायची.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पस्तिशी-चाळिशीपर्यंत सगळं ठीक होतं आणि आता कातडी आवळायला लागली, कडेला चिरा पडतात, आग होते, असं कुणी म्हणालं की मी ट्यूब काढायच्या आधी विचारतो, "साहेब, शुगर कधी तपासली होती?" मधुमेहाची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते. आणि ज्यांना तो आधीच आहे त्यांनी आपल्या गोळ्या बघाव्यात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळ्या चांगल्या आहेत, पण काहींना त्यामुळे तिथे बुरशी धरते. पेटंट संपून भाव उतरले आणि आता दुकानातून रोज जातात. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना त्रास सांगा. साखर ताब्यात न आणता नुसतं क्रीम लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

मूल न होण्याचं म्हणाल तर कातडीचा शुक्रजंतूंशी संबंध नाही. शरीरसंबंधाच्या वेळी दुखत असेल तर ती वेगळी अडचण, आणि तिला इलाज आहेत.

कॅन्सरमध्ये थोडं तथ्य आहे. घट्ट कातडीखाली स्वच्छता होत नाही, सूज राहते, त्याने शिश्नाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तंबाखू आणि शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणूही त्यात आहेत. पण मुळात आजार दुर्मीळ. गाठ, न भरणारी जखम, रक्तमिश्रित स्राव दिसला तर लगेच दाखवा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये शिफारस केली ती जिथे एचआयव्ही फार पसरला आहे आणि सुंता कमी होते अशा ठिकाणांसाठी, मुख्यतः पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेसाठी. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत बाईकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला होता. घट्ट कातडीच्या इलाजाशी त्या शिफारशीचा काही संबंध नाही.

राहिलं लेझर. लेझर म्हणून जाहिरात होते आणि प्रत्यक्षात पुष्कळदा स्टेपलर वापरतात: गोल कापतो आणि बारीक पिना मारतो, त्या पुढच्या काही आठवड्यांत गळून पडतात. पद्धत वाईट नाही, वेळ खरंच कमी लागतो. पण कशानेही कापलं तरी जखम ती जखमच; सूज येते, कधी रक्तही साकळतं. टेबलावरच्या कामाला ऑफिस थोड्या दिवसांत जमेल, शरीरसंबंध मात्र 4 ते 6 आठवडे नाहीत. मेसेजमध्ये हे का नाही?

पैसे भरायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा: कारण काय आहे, शुगर बघितली का, क्रीम आधी करून बघणार का, कातडी ठेवून जमेल का. उत्तराऐवजी पॅकेजचा कागद पुढे आला तर उठा. मुंबईत केईएम, शीव, नायर, जे.जे. सगळीकडे युरोलॉजीची (मूत्रविकारांची) ओपीडी आहे. वार विचारून सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते.