अभिनंदन! १४.२ जीबी जागा मोकळी झाली

हिरवा गोल, त्यात बरोबरची पांढरी खूण, वरून रंगीत कपटे उडतायत आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘अभिनंदन! १४.२ जीबी जागा मोकळी झाली.’ अभिनंदन म्हणे. माझ्या घराचे दिवस घातले आणि वर पेढे वाटले मेल्यांनी.

आधी भाच्याचं सांगते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी जेवायला आला, चार पुरणपोळ्या हाणल्या, दिवाणावर आडवा झाला आणि माझा फोन हातात घेऊन म्हणाला, “मावशी, अगं केवढा हँग होतोय हा! थांब, साफ करून देतो.” मी ओटा पुसत होते. म्हटलं, बघ बाबा, तुला कळतं त्यातलं. हे ‘तुला कळतं’ मला नडलं.

फोनबरोबर एक क्लीनर आलेलं असतं. मागितलेलं नसतं, काढता येत नाही. ते फोटोंच्या जाती पाडतं. डुप्लिकेट फोटो, सारखे दिसणारे फोटो, अस्पष्ट फोटो, मोठे व्हिडिओ. आणि प्रत्येकापुढे टिक आधीच केलेली! मालकानं फक्त मान डोलवायची. भाच्यानं डोलवली. मग त्या क्लीनरनं त्याला सांगितलं की ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होणार नाही, तर त्यानं ट्रॅशही रिकामा केला. काम कसं स्वच्छ करायची सवय आहे त्याला. स्वतःची खोली सोडून.

गेलं काय? एप्रिलमध्ये काढलेले २१२ फोटो आणि अकरा व्हिडिओ. राजापूर तालुक्यातलं आमचं गावचं घर. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, माजघर, मागीलदार. मे महिन्यात, पावसाच्या आधी, ते पाडलं. जेसीबीला अडीच तास पुरले. आता तिथे चिऱ्यांचा ढीग आहे आणि स्लॅबच्या घराचा पाया खणलाय. म्हणजे ‘परत जाऊन काढा की फोटो’ हा सल्ला ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांनी तो गिळावा.

आणि ते फोटो का उडाले? माजघरात अंधार होता म्हणून! माजघरात अंधारच असतो, त्यासाठीच ते माजघर. फ्लॅश मारला तर भिंत पांढरीफटक येते, म्हणून मी तसेच काढले, हात स्थिर धरून, श्वास रोखून, एकेका कोपऱ्याचे तीन-तीन. क्लीनरच्या लेखी ते ‘अस्पष्ट’. तीन-तीन काढले म्हणून ‘सारखे दिसणारे’. म्हणजे जे मी जपून काढलं तेच त्याला कचरा वाटलं. आणि राहिलं काय? गुलाबाच्या फुलावर दवबिंदू, ‘शुभ सकाळ’. कपातून वाफ, ‘शुभ सकाळ’. ते सगळे जागच्या जागी आहेत. सुस्पष्ट ना!

एक भिंत होती पडवीतली. आजोबांनी तिच्यावर कोळशानं आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहिला होता, साल आणि क्रॉफर्ड मार्केटला गेलेल्या पेट्या. ‘१९७४ – ६१’. एका सालापुढे आकडाच नाही, नुसतं ‘मोहोर जळला’. गणपतीच्या आधी घराला चुना मारायचे तेव्हा आजी गड्याच्या मागे उभी राहायची आणि तेवढा हातभर तुकडा सोडायला लावायची. आजोबा गेल्यावरही वीसेक वर्षं तिनं तो सोडायला लावला. आजीनं कुंचल्यापासून राखलेली भिंत एका टिकेनं गेली.

कळलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. भाचा घरी पोचला होता. फोन केला तर म्हणतो, “अगं, येतील परत. आजकाल सगळं रिकव्हर होतं.”

सगळं रिकव्हर होतं! हे वाक्य पुढचे पाच दिवस मी इतक्यांदा ऐकलं की आता कुणी उच्चारलं तर लाटणं फेकून मारीन.

गॅलरीचा ट्रॅश पाहिला, रिकामा. गूगल फोटोजचा पाहिला. तिथे बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो आणि न झालेला ३०, हे मला आता पाठ आहे. पण ते दिवस आपण स्वतः ट्रॅश रिकामा करेपर्यंतच. केला की दिवस संपले. आणि बॅकअप? १५ जीबी केव्हाच भरले होते, त्यात मेलही आले आणि ड्राइव्हही. २०२१ च्या जूनपर्यंत फोटो हवे तेवढे फुकट ठेवता यायचे, ती सवय माझी सुटली नाही. ‘स्टोरेज भरलं आहे’ ही सूचना मला रोज यायची, हे कबूल. पण ती साड्यांचा सेल, वीजबिल आणि ‘तुमच्यासाठी खास कर्ज’ यांच्या मधोमध यायची. सगळे एकाच आवाजात बोंबलत असतील तर आग लागल्याची बोंब कुठली ते कसं कळायचं? तरी चूक माझी. मान्य. हे मान्य केलं म्हणून ‘बॅकअप नव्हतं का घेतलं?’ विचारणाऱ्यांना माफी नाही. डोकं फुटलेल्या माणसाला स्ट्रेचरवर ‘हेल्मेट नव्हतं का?’ विचारणारी हीच ती माणसं. आमच्या बिल्डिंगमधल्या चौघांनी विचारलं. चौघांपैकी एकाचंही बॅकअप चालू नाही, मी उलट विचारून खात्री केली.

मग व्हिडिओ. “नमस्कार मित्रांनो, आज आपण दहा वर्षांपूर्वीचे डिलीट झालेले फोटो दोन मिनिटांत परत आणणार आहोत.” दोन मिनिटांतली दीड मिनिटं घंटी दाबायला सांगण्यात. मग कुठलंसं ॲप. ते मला कॉन्टॅक्ट्स मागतं, लोकेशन मागतं. अरे बाबा, फोटो शोधायला तुला माझ्या नणंदेचा नंबर कशाला हवा? दिलं तेही. बुडत्याला काडीचा आधार. तीस सेकंदांची जाहिरात, परत तीस सेकंदांची, आणि मग गोल गोल फिरून, ‘४,८१२ फोटो सापडले!’

खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उघडून बघते तर काय? आहेत तेच फोटो. जे गेलेच नव्हते ते ‘सापडले’! त्यात लोकांचे व्हॉट्सॲपचे डीपी, ॲपांची चित्रं, आणि कधीतरी चुकून उघडलेल्या मिक्सरच्या जाहिरातीतला मिक्सर, सात कोनांतून. आणि मधेच, नखाएवढी, आमची ओटी. जीव गोळा झाला. ‘रिस्टोअर’ दाबलं तर पैसे भरा. भरले. मिळालं काय? तेच नखाएवढं चित्र. गॅलरीत झरझर दिसावं म्हणून फोन प्रत्येक फोटोची एक बारकी प्रत वेगळी ठेवतो, त्यातली चुकून राहिलेली एक. मोठी केली की ओटीच्या जागी सहा तपकिरी चौकोन. या चौकोनांचे मी ३९९ रुपये मोजले.

मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम. त्याचं म्हणणं, फोन ‘रूट’ करा, त्याशिवाय आत बघता येत नाही. बरं, रूट करायला काय लागतं? बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, त्याचं कुलूप उघडावं लागतं. आणि ते उघडलं की फोन काय करतो? स्वतःला संपूर्ण पुसून टाकतो! म्हणजे हरवलेलं डोरलं शोधायचंय ना, मग आधी घराला काडी लावा. हे त्यांच्याच सूचनांमध्ये सातव्या पायरीला लिहिलेलं होतं, बारीक अक्षरांत. पैसे मात्र पहिल्या पायरीला.

एक ‘हेल्पलाइन’ही सापडली. गोड आवाजाचा मुलगा म्हणाला, “मॅम, स्क्रीन शेअर करायचं एक ॲप टाका फक्त.” तिथे मात्र माझ्यातली बँकेतून निवृत्त झालेली बाई जागी झाली. त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. कुणी फसलंच असेल तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन करा, लाजत बसू नका.

दुकानं तीन फिरले. पहिला म्हणाला तीन हजार, दुसरा साडेचार, दोघेही ‘ॲडव्हान्स द्या, गॅरंटी नाही, पण होईल’. ‘गॅरंटी नाही पण होईल’ म्हणजे नक्की काय रे भाऊ? तिसरं दुकान भाजी मंडईच्या मागच्या बोळात, एक टेबल, एक भिंग, आणि कानात बिगबाळीसारखा इअरफोन अडकवलेला पोरगा. त्यानं मॉडेल विचारलं, ट्रॅश रिकामा केला का विचारलं, आणि म्हणाला, “ताई, नाही मिळणार.”

पाच दिवसांत पहिल्यांदा.

मी बसलेच तिथे स्टुलावर. त्यानं चहा सांगितला आणि समजावलं. पूर्वी फाइल उडवली तरी ती जागेवर असायची, नुसती यादीतून जायची. रेशनकार्डावरून नाव कमी केलं म्हणून माणूस घरातून जातो का, तसं. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती उकरून काढता यायची. मेमरी कार्डावर अजून बऱ्याचदा येते. “कार्ड असतं तर फोटोरेक, म्हणजे उडालेल्या फाइली उकरणारं सॉफ्टवेअर, लावून दिलं असतं, ते फुकटच आहे. फक्त कार्ड लगेच काढून ठेवायचं, नवीन फोटो काढत बसायचं नाही.” पण फोनच्या पोटातलं वेगळं. तिथे प्रत्येक फाइल कुलपात ठेवलेली असते. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून तर नव्या फोनना हे सक्तीचंच आहे. फाइल गेली की तिची किल्ली गेली. उरतो तो नुसता गिचमिडकाला, आणि फोन तोही ठेवत नाही, रिकाम्या झालेल्या जागा स्वतःहून झाडून घेतो. “आणि ताई, हे चांगलंच आहे. उद्या दादरला फोन मारला कुणी, तर त्याला तुमचं काही मिळायला नको ना?”

पटलं मला. खरंच पटलं. कुलूप असू दे. मग माझा राग कुणावर आहे? राग त्या बाकी सगळ्यांवर आहे, ज्यांना हे माहीत होतं आणि तरी ‘होईल’ म्हणाले. नवीन फोनमधून, ट्रॅश रिकामा केल्यावर, बॅकअप नसताना, फोटो येत नाही. एवढं एक वाक्य. ते सांगायला कुणाला काय पडत होतं? पण ‘नाही’ म्हटल्याचे पैसे मिळत नाहीत, ‘होईल’चे मिळतात. आणि फोन बनवणाऱ्यांनो, ‘सुटीतले क्षण’ म्हणून न मागता गाणं लावून व्हिडिओ करून देता ना? एका दिवशी एका ठिकाणी काढलेले दोनशे फोटो एकदम उडतायत, तेव्हा नाही का तोंड उघडता येत? फुलावरच्या दवबिंदूला आणि पाडलेल्या घराला तोच एक प्रश्न, ‘हटवायचं?’ तोच फॉन्ट, तेच बटण.

पोरानं पैसे घेतले नाहीत. चहाचेसुद्धा. वर विचारलं, “कुणाला पाठवले होते का?”

हे मला पाच दिवस सुचलं नव्हतं. बदलापूरच्या चुलत बहिणीला तीन पाठवले होते. माझ्या फोनमधल्या त्यांच्या प्रती क्लीनरनं ‘डुप्लिकेट’ म्हणून उडवल्या. म्हणजे अस्सल अंधुक म्हणून गेलं आणि नक्कल नक्कल म्हणून. पण तिच्याकडे तिघेही सुखरूप होते. तिचा फोन भाच्याच्या हाती लागलेला नाही, लागूही देणार नाही.

एक ओटीचा, एक विहिरीचा, तिसरा त्या भिंतीचा. व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेला. एचडीचं बटण असतं तिथे, पण मी ते दाबलं नव्हतं. रात्री भिंग घेऊन बसले. ‘१९७४ – ६१’ वाचता येतं. ‘मोहोर जळला’ वाचता येतं. त्याच्या खालचं साल लागतं, आकडा लागत नाही. भाऊ म्हणतो ४३, मला ४८ दिसतं.