मॉड्यूल आपोआप येईल, आपण पडदा उघडावा

पणजीच्या पाटो भागातील कार्यालयात बसून सी-शार्प भाषेतल्या ॲप्लिकेशनमधून पॉवरशेलची, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या साधनाची, स्क्रिप्ट चालवण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर स्क्रिप्टला कोणते मॉड्यूल (आज्ञांचा जोडसंच) लागते याची चौकशी चुकूनही करू नये. आपल्या कन्सोलमध्ये ती चालली, एवढा पुरावा पुरेसा आहे. कन्सोल उघडताना आपली प्रोफाइल, म्हणजे सुरुवातीलाच चालणारी आपली खासगी स्क्रिप्ट, वाचली जाते, तिच्यात आपणच केव्हातरी मॉड्यूल लोड करणारी ‘इम्पोर्ट-मॉड्यूल’ची ओळ लिहून ठेवलेली असते आणि ॲप्लिकेशनने उघडलेली रनस्पेस, म्हणजे स्क्रिप्ट जिथे चालते ती जागा, ती प्रोफाइल वाचतच नाही, हा क्षुल्लक तपशील ग्राहकाने शोधावा, त्यासाठीच तर त्याने पैसे मोजले आहेत.

रनस्पेस उघडण्याआधीच ‘इनिशिअल-सेशन-स्टेट’मध्ये, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या तयारीत, मॉड्यूलचे नाव नोंदवण्याची सोय आहे खरी, पण ती भित्र्यांसाठी. जत्रेतल्या नाटकात तबलजी आला की नाही हे पाहून पडदा उघडणारे हेच लोक. नाव नोंदवावेच लागले, तर रनस्पेस उघडतानाच्या चुकांवर अपवाद (काम थांबवणारी चूक) फेकण्याचा पर्याय तरी बंद ठेवावा, म्हणजे मॉड्यूल सापडले नाही तरी शांतता भंगणार नाही. पुढे ‘ही आज्ञा ओळखता येत नाही’ अशी स्क्रिप्टची तक्रार येईल. तीही सहसा अपवाद होऊन वर येत नाही, एरर स्ट्रीम या चुकांच्या वेगळ्या यादीत पडून राहते. तिकडे न पाहता ‘काम यशस्वी’ असा हिरवा संदेश दाखवावा.

मॉड्यूलच्या आधीच्या जोडसंचाचे, म्हणजे जुन्या स्नॅप-इनचे, प्रकरण तर याहून रसाळ आहे. पॉवरशेलच्या २००६ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्नॅप-इन विंडोजच्या रजिस्ट्री या नोंदवहीत नोंदवावे लागते, आणि ३२-बिट व ६४-बिट प्रक्रियांना त्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात. म्हणून ॲप्लिकेशन ३२-बिट ठेवून ६४-बिट स्नॅप-इन मागावे, आणि ते नोंदवलेलेच नाही असे उत्तर आले की सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोल लावावा. तो बिचारा सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फायली आणि सिसवाव६४ मध्ये ३२-बिट फायली पाहून आधीच खचलेला असतो, त्यामुळे वाद घालत नाही.

२०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मॉड्यूल आपोआप लोड होतात, हे वाक्य बैठकीत वारंवार उच्चारावे. ते ठरलेल्या मार्गांतच शोधले जातात आणि ॲप्लिकेशनची सेवा ज्या खात्याने चालते त्याला आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मधले मॉड्यूल सापडत नाही, एवढे मात्र मनातच ठेवावे.

पॉवरशेल कोअर ६ मधून स्नॅप-इन काढून टाकण्यात आले, त्यालाही आता वर्षे लोटली. तेव्हा जुनी स्क्रिप्ट तशीच ठेवून नव्या आवृत्तीवर जायचे असेल, तर गणेश चवथीचा आदला दिवस निवडावा. त्या दिवशी कार्यालयात राखणदार तेवढा असतो, आणि त्याला स्नॅप-इनविषयी कोणी काही विचारत नाही.